‘डिफेक्ट’ला जपानीत काय म्हणायचं?

चाकणच्या एका कारखान्यात मी दुभाषी म्हणून जात होते. सकाळी साडेसातचा व्हिडिओ कॉल, जपानात तेव्हा अकरा. पलीकडे गिऱ्हाईक कंपनीचे बुचो, म्हणजे विभागप्रमुख, आणि त्यांची तीन माणसं. अलीकडे आमचा क्वालिटीचा इंजिनिअर आणि मी. विषय तसा किरकोळ होता. ब्रॅकेटच्या एका लॉटमध्ये काही नगांच्या कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत उरलेली धार, राहिली होती आणि ते जोडणीत नीट बसत नव्हते.

इंजिनिअर इंग्रजीत म्हणाला, “फॉर्टी पीसेसमध्ये डिफेक्ट सापडला.” मी पुढचा विचार न करता सांगून टाकलं: 40 नगांत ‘केक्कान’ आढळलं. परीक्षेच्या वेळी पाठ केलेल्या यादीत डिफेक्टसमोर हाच शब्द होता.

जपानी मीटिंगमधल्या शांततेची मला सवय आहे, पण ही वेगळी होती. बुचोंनी पेन खाली ठेवलं. “त्सुयाकु-सान, ते केक्कान असंच म्हणाले का?” त्सुयाकु म्हणजे दुभाषी, तिथे मला नावाने कोणी हाक मारतच नाही. मी उत्तर देईपर्यंत त्यांनी आवाज बंद केला होता आणि चौघं एकमेकांत बोलत होते.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जपानचा उत्पादक-दायित्वाचा कायदा 1994 साली झाला, जुलै 1995 पासून लागू आहे, आणि त्यात केक्कान ही कायद्याची संज्ञा आहे. वस्तूत जी सुरक्षितता असायलाच हवी, ती नसणं. त्यामुळे जखम झाली, नुकसान झालं, तर भरपाई. मी बर राहिलेल्या ब्रॅकेटला सरळ त्या कायद्याच्या दारात नेऊन उभं केलं होतं.

कारखान्यात खरं तर वेगळे शब्द चालतात. तपासणीत नापास झालेला नग ‘फुर्यो’. मशीन बंद पडलं तर ‘कोशो’. आणि काहीतरी बिनसलंय, पण कुठे ते अजून ठरलेलं नाही, तर ‘फुगुआई’. यातला ‘गुआई’ म्हणजे तब्येत, अवस्था. बरं वाटत नसेल तर जपानी माणूस गुआई वाईट आहे म्हणतो. थोडक्यात, पार्टला जरा बरं नाहीये! गाड्यांच्या रिकॉलच्या पत्रकांतही हाच शब्द असतो. तिथे तो मला कधीकधी फारच मऊ वाटतो, पण ते असो.

आवाज बंद होता तेवढ्यात मी इंजिनिअरला विचारलं, “अरे, हे पीस भंगारात जाणार का?”

“नाही मॅडम, रीवर्क करून चालतील. पण बर का येतेय ते कळलं नाही अजून. डाय झिजली असेल.”

म्हणजे नग फुर्यो होते, आणि घडलेला प्रकार फुगुआई. एकाच डिफेक्टचे दोन तुकडे करावे लागणार होते. आवाज सुरू झाल्यावर मी आधी माफी मागितली आणि शब्द माझा चुकला, इंजिनिअरचा नव्हे, हे स्पष्ट सांगितलं. मग तेच वाक्य पुन्हा, नीट.

बुचोंनी पेन उचललं. कॅमेऱ्यासमोर धरलेल्या ब्रॅकेटकडे वाकून बघत म्हणाले, “बारि देसु ने.”

मी तोंड उघडण्याआधीच इंजिनिअर म्हणाला, “हो हो, बर!”