पिकअपचा झटका आणि खिशातली वही

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने, बनवायचं छोटं दुकान आहे. पॅटर्न शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना पोचवायचे, म्हणून तीन वर्षांपूर्वी जुनी डबल कॅब पिकअप घेतली. 2019 चं मॉडेल, डिझेल, सहा गिअरची ऑटोमॅटिक. क्लच दाबून दाबून डावा गुडघा कुरकुरत होता, हे खरं कारण. मेहुणा तेव्हाच म्हणाला होता, "दाजी, पिकअपला कोण ऑटोमॅटिक घेतंय?" दिवाळीनंतर गाडी झटके द्यायला लागली, तेव्हा तो काही बोलला नाही. नुसता हसला, ते जास्त लागलं.

पहिल्या गॅरेजात मी एवढंच सांगितलं, "गिअर बदलताना झटका देते." त्यांनी एक फेरी मारली आणि म्हणाले, "गिअरबॉक्स खाली घ्यायला लागतंय. 90 हजार धरून चाला, बाकी उघडल्यावर." दुसरीकडे व्हॉल्व्ह बॉडीवर, म्हणजे गिअरबॉक्समधलं ऑइल कुठे जायचं ते ठरवणाऱ्या भागावर, खापर फुटलं. तिसऱ्याने विचारलं, "पुरात गेलेली हाय का?" कोल्हापुरात 2019 आणि 2021 च्या पुरानंतर जुन्या गाडीला हा प्रश्न चुकत नाही. मलाही रात्रभर तोच किडा. मी घ्यायच्या आधी ही शिरोलीच्या पाण्यात उभी होती की काय?

चौथे एक वडीलधारे मिस्त्री. त्यांनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही.

"मालक, झटका कधी बसतो?"

"सारखाच बसतोय."

"सारखा बसत नसतोय. आठ दिवस लिहून आणा. इंजिन गार का गरम, कुठल्या गिअरला, पाय ब्रेकवर का ॲक्सिलरेटरवर, मागं माल किती."

राग आला, पण वही खिशात ठेवली. गाडी चालवताना लिहायचं कसं? शेजारी दुकानातलं पोरगं बसवलं. चौथ्या दिवसापर्यंत माझ्या लक्षात आलं की मी ज्याला 'झटका' म्हणत होतो ते तीन वेगवेगळे प्रकार होते.

एक सकाळचा. गाडी गार असताना दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिनाचे आर.पी.एम. क्षणभर मोकळे चढायचे आणि मग धप्प. आठ-दहा किलोमीटरनंतर गायब. दुसरा पूर्ण थांबतानाचा. सायबर चौकात गाडी उभी राहिली की मागून कुणीतरी हलकेच टेकल्यासारखा ठोका, गार असो वा गरम. तिसरा क्वचित, स्पीड ब्रेकरच्या आधी वेग उतरताना.

वही वाचून मिस्त्री आधी दुसऱ्या झटक्याकडे गेले. "हा गिअर बदलायचा नव्हेच." गाडी रॅम्पवर घेऊन त्यांनी प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, हाताने पिळून बघितला. क्रॉस, म्हणजे शाफ्टचे वळणारे सांधे, ठीक होते, सेंटर बेअरिंगचं रबरही शाबूत. पण शाफ्ट जिथे मागेपुढे सरकतो ती खाचांची जोडणी कोरडी ठणठणीत होती. ब्रेक मारला की मागचा ॲक्सल किंचित फिरतो, शाफ्टला सरकावं लागतं. ग्रीस नसेल तर तो अडकतो आणि उभं राहताना एकदम सुटतो. तोच ठोका. तिथे ग्रीसचा निपल होता आणि माझ्याकडे आल्यापासून कुणी त्याला गन लावली नव्हती. खर्च जवळजवळ चहापाण्याचा. याच ठोक्यापायी 90 हजारांचा गिअरबॉक्स खाली यायचा होता.

सकाळच्या झटक्याला मात्र वेळ लागला. स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड नव्हता. मी खूश झालो, तर मिस्त्री म्हणाले, कोड नाही म्हणजे रोग नाही असं नसतंय. गिअरबॉक्सचं ऑइल कमी पडून त्याच्या आतला क्लच उशिरा धरला, तर दर वेळी ते कॉम्प्युटरला कळेलच असं नाही. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. गाडी सपाटीवर, इंजिन चालू, लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून परत पार्कला, स्कॅनरवर ऑइलचं तापमान बघत बसायचं आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याला बाजूचा प्लग सोडायचा. लेव्हल बरोबर असेल तर बारीक धार येते. आमच्यातून एक थेंब आला नाही. ऑइल गार करणाऱ्या कूलरच्या पाइपच्या जोडावर चिखलाखाली झिरपत होतं. जमिनीवर कधी डाग पडला नाही, म्हणून मला पत्ता नाही.

मग पॅन, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाची ऑइलची थाळी, उतरवला. इथे माझे हात खरंच गार पडले होते, कारण पुढचा सगळा खर्च या थाळीत काय निघतं यावर होता. पाणी शिरलं असतं तर ऑइल रोझ मिल्कशेकसारखं दुधाळ गुलाबी दिसलं असतं. तसं नव्हतं, पुराचा किडा तिथेच मेला. रंग लालाचा तपकिरी झालेला, पण जळका वास नाही. चुंबकांवर करडा, मऊ लेप. मिस्त्रींनी तो बोटांत चोळून दाखवला: "हे झिजेचं पीठ, चालतंय. खडे किंवा चकाकणारा चुरा लागला असता, तर मीच म्हणालो असतो उतरवा."

जोड बदलला, फिल्टर बदलला. पॅनमधून सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या ऑइलच्या डब्यात, राहतं. म्हणून काढा, भरा, दोन दिवस चालवा, असं तीनदा केलं. ऑइलच्या दुकानात एक जण ऐकेना, "लाल ऑइल सगळं एकच असतंय ओ." नसतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच आणलं, ते यायला सहा दिवस लागले. शेवटी गिअर बदलायची कॉम्प्युटरने शिकलेली जुनी सवय पुसून तिसऱ्यांदा लेव्हल तपासली. एकूण बिल 14 हजारांच्या आसपास.

त्यानंतर मुद्दाम रिकामी गाडी घेऊन गगनबावड्यापर्यंत गेलो. वाटेतल्या कळे गावापर्यंत कान देऊन ऐकत होतो, पुढे विसरलो.

तिसरा झटका अजून आहे, महिन्यातून दोनदा कधीतरी. मिस्त्री म्हणतात सोलेनॉइड, म्हणजे ऑइलची वाट उघडणारा-मिटणारा विजेचा व्हॉल्व्ह, असू शकेल, पण नुसत्या अंदाजावर नवीन टाकायचं नाही. वही परत त्या पोराकडे दिली आहे.