हायकोर्ट कोल्हापुरात गेलं, म्हणून आम्हीही गेलो

माझा मावसभाऊ कुडाळला वकिली करतो. हायकोर्टात तारीख लागली की तो रात्रीच्या गाडीने मुंबईला यायचा आणि परळला आमच्याकडे उतरायचा. येताना कोकमं, कुळथाचं पीठ, हंगाम असेल तर फणसाचे गरे. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात सुरू झालं. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, सांगली, सातारा, सोलापूर आणि खुद्द कोल्हापूर अशा सहा जिल्ह्यांची कामं तिकडे गेली आणि आमच्याकडची त्याची फेरी थांबली. आता तो सकाळी फोंडा घाट चढतो आणि काम लवकर आटोपलं तर रात्री जेवायला घरी असतो. त्याच्यासाठी मला आनंदच झाला. पण दर महिन्या-दोन महिन्याला घरात ऐकू येणारा तो आवाज गेला, हेही खरं.

डिसेंबरमध्ये त्याचा फोन आला. "ताई, आता तूच ये. जेवणाच्या बाबतीत हे शहर तुमच्या मुंबईला भारी आहे, खाऊन बघ." जानेवारीत त्याची तारीख होती. तेवढ्यासाठी मी आणि आमचे हे चार दिवसांसाठी निघालो. डोक्यात प्रश्न एकच होता. कोल्हापूर खरंच मुंबई-पुण्याच्या पंक्तीला बसतं का?

मुंबईहून जाणाऱ्यांनी रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरावी. सकाळी कोल्हापूरला पोचतो आणि दिवस वाया जात नाही. पुण्याहून वंदे भारत २०२४ च्या सप्टेंबरपासून सुरू झाली, पण ती रोज नसते. वार आणि वेळ बघूनच बेत आखा. गाडीने जाणार असाल तर साताऱ्याच्या पुढे महामार्गाच्या रुंदीकरणामुळे वेळ मोडतो, तो हिशोबात धरा. मुक्काम आम्ही शाहूपुरीत केला. स्टेशन जवळ, आणि बाकी सगळीकडे रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांत जाता येतं. ही शाहूपुरी म्हणजे शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसवलेली पेठ, हे मला तिथे राहिल्यावर कळलं.

पहिल्या दिवशी दुपारी आम्ही चूक केली. भूक लागली होती म्हणून मोठी पाटी बघून एका हॉटेलात शिरलो आणि 'स्पेशल कोल्हापुरी थाळी' मागवली. रस्सा लालभडक, वर बोटभर तेल, आणि बोटांना लागलेला रंग साबणाने धुतला तरी जाईना. तिखट इतकं की मटणाची चव कळली नाही. मी मनात म्हटलं, हे तर मुंबईत कुठल्याही हॉटेलात 'कोल्हापुरी' म्हणून मिळतं, त्यासाठी रात्रभर प्रवास कशाला करायचा?

संध्याकाळी मावसभाऊ भेटला. मी हकिगत सांगितल्यावर त्याने एवढंच विचारलं, "तिथे कोल्हापूरचं कोण जेवत होतं?" मला आठवेना. मग आठवलं. आजूबाजूला सगळे आमच्यासारखे देवदर्शनाला आलेले होते.

दुसऱ्या दिवशी कोर्ट सुटल्यावर तो आम्हाला लक्ष्मीपुरीच्या अंगाने एका गल्लीत घेऊन गेला. ती घरगुती खानावळ. पाटी छोटी, आत आठ टेबलं, आणि जेवणारे निम्मे तरी रोजचे वाटत होते. मालकीणबाई म्हणाल्या, "वहिनी, आधी पांढरा प्या. बाकीचं मग बघू की."

पांढरा रस्सा मी मुंबईत पुष्कळदा खाल्ला होता. म्हणजे तसं मला वाटत होतं. ही वाटी तोंडाला लावली तेव्हा आधी मटणाचा गोडवा आला, मग दालचिनी-लवंगेची ऊब, आणि अगदी शेवटी घशाशी मिरचीची हलकी चाहूल. पीठ लावून दाट केलेलं काही नव्हतं. मी इतकं विचारलं की बाईंनी मला आत बोलावलं. चुलीवर दोन पातेली होती. मटण आलं-लसूण आणि मीठ घालून शिजवायचं. त्याचं जे पाणी उरतं ती अळणी. तिच्यात तीळ, खसखस आणि काजूचं वाटण, मग नारळाचं दूध आणि वरून खड्या मसाल्याची फोडणी. नारळाचं दूध पडल्यापासून त्यांच्या हातातला डाव एकदाही थांबला नाही. माझ्याशी बोलत होत्या, पोराला भाकऱ्या किती टाकायच्या ते सांगत होत्या, पण डाव फिरतच होता. "हात थांबला की फुटतंय बघा," म्हणाल्या. तांबडा त्याच अळणीचा, पण त्यात कांदा-लसूण चटणी.

कोल्हापुरात चटणी म्हणजे वर्षाचा मसाला. आपण ताटात डाव्या बाजूला वाढतो ती नव्हे. उन्हाळ्यात घरोघरी मिरच्या वाळवून ती कांडपावर कुटून आणतात. रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी जवारी मिरची, असं प्रमाण प्रत्येक घराचं वेगळं. म्हणूनच खऱ्या तांबड्या रश्श्याचा लाल रंग जरा काळपट असतो, आणि हात धुतले की निघून जातो. आदल्या दिवशीच्या रंगाचा उलगडा मला इथे झाला.

सुकं मटण, रस्से, ज्वारीची भाकरी, दहीकांदा, शेवटी थोडा भात. रस्सा संपत आला की न विचारता वाटी भरायचे. तिघांचं बिल मुंबईत दोघांच्या जेवणाहून कमी झालं.

बाजूच्या टेबलावरचे एक काका पहिला घास खाऊन मालकीणबाईंना म्हणाले, "आज बकरं मोठं होतं व्हय?" त्यांनी मान्य केलं. मला ह्या चार दिवसांतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच वाटतं. मोठ्या शहरात हॉटेलं खूप असतात, पण बकरं मोठं होतं हे एका घासात ओळखणारं गिऱ्हाईक रोज समोर बसलेलं नसतं. २०१९ च्या शेवटी मटणाचा दर वाढला तेव्हा कोल्हापूरकरांनी त्याविरुद्ध आंदोलन केलं होतं. तेव्हा बातमी वाचून मला नवल वाटलं होतं, आता वाटत नाही. जे लोक अन्नाच्या दराबद्दल रस्त्यावर येतात ते त्याच्या दर्जाबद्दल गप्प बसत नाहीत, आणि खानावळवाल्याला हे पक्कं ठाऊक असतं.

मिसळीबद्दल सगळेच लिहितात, म्हणून थोडक्यात सांगते. फडतरे, बावडा, चोरगे, खासबाग ह्या चार नावांवर घरोघरी वाद आहेत. आम्ही दोन ठिकाणी खाल्ली. मला कसबा बावड्याची जास्त आवडली, ह्यांना उद्यमनगरातल्या फडतऱ्यांची. इथे पावाऐवजी स्लाइस ब्रेड देतात आणि रश्श्याला 'कट' म्हणतात. सकाळी नऊच्या आत जा. रविवारी टाळलेलं बरं. तिखट सोसत नसेल तर कट वेगळा मागा, कोणी हसत नाही. दुपारी चारनंतर खासबाग मैदानाशी राजाभाऊंची भेळ खा. तिथूनच कुस्तीचं ते प्रसिद्ध मैदानही बघून घ्या. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह आहे, २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत जळालेलं. मी लहानपणी आईकडून त्या नाट्यगृहाच्या गोष्टी ऐकल्या होत्या. तिथे उभं राहताना पोटात तुटलं.

रात्री गंगावेशीतला दूध कट्टा. रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या, गवळी तिथल्या तिथे धार काढतो आणि फेसाळ ग्लास हातात देतो. ग्लास कोमट असतो, म्हशीच्या अंगाइतका. पहिल्या घोटाला मी बिचकले, दुसरा ग्लास स्वतःहून मागितला. शेजारी तालमीतली पोरं सहज लिटरभर रिचवत होती. ज्यांना कच्चं दूध बाधतं त्यांनी, आणि लहान मुलं व गरोदर बायकांनी, हा मोह टाळावा. आमच्या परळच्या घरात रोज येणारी 'गोकुळ'ची पिशवी ह्याच जिल्ह्याच्या दूध संघाची. तो संघ १९६३ सालचा. म्हणजे मुंबईच्या चहात कोल्हापूर कधीपासून आहे, आपण पिशवीवरचं नाव वाचत नाही एवढंच.

आता जिथे कोल्हापूर कमी पडतं तेही मोकळेपणाने सांगते. परळला माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरात मालवणी, उडुपी, इराणी, मोगलाई, गुजराती सगळं आहे. कोल्हापुरात तसं नाही. तिसऱ्या दिवशी आम्हाला मटण-मिसळ सोडून साधं काही हवं होतं. चांगलं शाकाहारी जेवण शोधायला रिक्षाने दोन फेऱ्या झाल्या. शेवटी अख्खा मसूर आणि भाकरी मिळाली, आणि ती उत्तम होती. 'व्हेज कोल्हापुरी' मात्र मागू नका. मालकीणबाई म्हणाल्या, त्या नावाची भाजी त्यांच्या घरात कधी झाली नाही. रात्री उशिरा जेवायची सवय असेल तर साडेनऊच्या आत बसा, नाहीतर चांगल्या खानावळीत मटण संपलेलं असतं. श्रावणात, आणि सोमवार-गुरुवारी, बरेच जण मांसाहार करत नाहीत. ते बघून वार ठरवा. आणि मासे? मावसभाऊ म्हणाला, "ताई, हय मासे मागू नको. मासे खाऊचे तर घराक ये."

म्हणजे विविधतेत कोल्हापूर मुंबई-पुण्याच्या जवळपास येत नाही. लोकसंख्या तरी किती, २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आत. पुणे तेव्हाच एकतीस लाखांवर होतं. १९७२ मध्ये महानगरपालिका झाली, पण शहराची हद्द अजून ६६ चौरस किलोमीटरच्या आसपासच आहे. हद्दवाढीची मागणी किती वर्षांची आहे हे तिथल्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा. मोठ्या शहराचा मान कागदावर मिळायला ह्या गोष्टी लागतात. पण मान ताटावरून ठरवायचा असेल तर माझं मत मावसभावाच्या बाजूने आहे. मुंबईला सगळीकडचं येतं, कोल्हापूरला स्वतःचं आहे. दूध, गूळ, बकरं, भाकरी सगळं आसपासचं, आणि खाणारा जाणता. पुण्या-मुंबईत पैसे जास्त मोजले तरी ही सांगड मिळत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बेंच बघायला गेलो. भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर रुग्णालयासमोर, जिल्हा न्यायालयाच्या जुन्या इमारतीत ते भरतं. बाहेर काळ्या कोटांची गर्दी, चहाच्या गाड्या, फाइली सांभाळत उभे असलेले पक्षकार. एक म्हातारी बाई पायरीवर बसून डब्यातली भाकरी खात होती. मावसभाऊ म्हणाला, ती साताऱ्याकडची आहे, जमिनीच्या दाव्यासाठी आलेली. पूर्वी ती मुंबईला कशी जात असेल, कुठे उतरत असेल, हा विचार माझ्या मनातून गेला नाही.

ह्याच भाऊसिंगजी रोडवर शंभर वर्षांपूर्वी गंगाराम कांबळे ह्यांचं 'सत्यसुधारक' हॉटेल होतं. राजवाड्याच्या पागेत काम करणाऱ्या ह्या माणसाला पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः गाडी थांबवून त्या हॉटेलातला चहा घेत. बरोबरच्या मंडळींनाही तो घ्यावा लागे. कुठल्याही शहराच्या खाद्यसंस्कृतीबद्दल बोलताना पदार्थांची नावं घेतली जातात. कोण कोणाच्या हातचं खातं, हे क्वचित विचारलं जातं. कोल्हापूरने तो प्रश्न भर रस्त्यात, चहाच्या कपावर विचारला होता. माझ्या दृष्टीने ह्या शहराचा सगळ्यात मोठा मान तो आहे. तिथून जाल तेव्हा दोन मिनिटं थांबा.

येताना काय आणावं? गूळ घ्यायचा तर थंडीत, गुऱ्हाळं चालू असताना. अगदी पिवळाधमक घेऊ नका, थोडा काळसर बघा आणि चाखून घ्या. चटणी ओळखीच्या घरातून किंवा खानावळीतून मागून घ्या. पांढरा रस्सा पार्सल आणायच्या भानगडीत पडू नका. आम्ही थर्मासमध्ये आणला, सकाळी परळला उघडला तर नारळाचं दूध फुटून वर आलेलं होतं. तांबडा मात्र टिकला, दुसऱ्या दिवशी आणखी मुरला.

मावसभावाच्या दाव्याची पुढची तारीख मार्चमध्ये लागली आहे. तोपर्यंत मिरच्या वाळत पडलेल्या असतील. मालकीणबाईंनी सांगितलंय, कांडपाच्या दिवशी या, तुमच्यासमोर कुटून देते. महालक्ष्मीची दोन तिकिटं काढून ठेवली आहेत.