क्योतोची गिऑन मात्सुरी: मिरवणुकीच्या आधीचे दिवस चुकवू नका

जुलैत जपानला जाणारं कोणी भेटलं की मी हेच सांगते, गिऑन मात्सुरी (मात्सुरी म्हणजे सण) बघायची असेल तर 17 तारखेला सकाळी नुसते मिरवणुकीला जाऊन उभे राहू नका, जमलं तर 10 तारखेपासूनच क्योतोत असा. मिरवणुकीचे व्हिडिओ काय, ढिगाने आहेत. पण हा सण ज्या गल्ल्यांचा आहे त्या गल्ल्यांमधे रथ उभे राहताना बघितले तरच कळतं की ही गोष्ट साडेअकराशे वर्षं नुसत्या भक्तीवर नाही टिकलेली, ती माणसांच्या हातांवर टिकलीये.

माझी मावसबहीण, म्हणजे माझी ताई, ओसाकात राहते, मी तिच्याकडेच उतरले होते आणि रोज सकाळी दोघी हांक्यूच्या ट्रेनने क्योतोला जायचो. कारासुमा स्टेशनवर उतरून वर आलं की शिजो रस्ता, आणि तोच सगळ्याचा मध्य. उकाडा मात्र भयंकर! क्योतो तिन्ही बाजूंनी डोंगरात बसलंय त्यामुळे वारा नाही, आणि जुलैच्या मध्यात त्यांचा पावसाळा संपत आलेला असतो म्हणजे एक सर पडून गेली की परत घामाच्या धारा. टोपी, पंखा आणि पाण्याची बाटली हवीच.

आता थोडा इतिहास, कारण तो माहीत नसेल तर बाकीचं नुसतं सुंदर दिसतं, भिडत नाही. 869 साली जपानात मोठी साथ आली होती. तेव्हा क्योतो राजधानी. अकाली मेलेल्यांचे रागावलेले आत्मे साथ आणतात अशी समजूत होती, म्हणून देशाचे जितके प्रांत तितके, म्हणजे 66 भाले उभे करून शांतीचा विधी केला, ती याची सुरुवात. देव होता गोझु तेन्नो, बैलाचं डोकं असलेला, साथीचा देव आणि साथीपासून वाचवणाराही तोच, आणि त्याला बुद्धाच्या जेतवन विहाराचा रक्षक मानायचे, म्हणजे धागा थेट आपल्या श्रावस्तीपर्यंत येतो. 1868 मधे मेजी सरकारने बौद्ध आणि शिंतो (जपानचा मूळ धर्म) वेगळे केले तेव्हा या देवाच्या देवळाचं नाव यासाका झालं आणि तो सुसानोओ या शिंतो देवाच्या नावाने पुजला जायला लागला. ताईने हे सांगितलं तेव्हा मला पटकन मरीआईचा गाडा आठवला, आपल्याकडे पटकी आली की देवीला गाड्यात बसवून वेशीपार न्यायचे ना, अगदी तीच भावना, रोगाला मान देऊन गावाबाहेर घालवायचं.

रथ दोन प्रकारचे, यामा आणि होको. यामा लहान, त्यावर बहुतेक पाइनचं झाड आणि एखाद्या कथेतल्या मूर्ती. होको म्हणजे दुमजली घराएवढा रथ, वर उंच खांब, टोकापर्यंत सुमारे 25 मीटर आणि वजन 12 टनांच्या आसपास. 17 तारखेच्या मिरवणुकीत 23 आणि 24 तारखेच्या दुसऱ्या मिरवणुकीत 11, असे एकूण 34. एकेक रथ एकेका मोहल्ल्याचा. सरकारचा नाही, देवळाचाही नाही, त्या गल्लीचा! खर्च, दुरुस्ती, वर्गणी, मूर्ती कुठे ठेवायच्या, वादन कोण शिकवणार, सगळं गल्ली बघते. आपल्या गणपती मंडळांत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा बांधणी चालू होती. हे मला पूर्ण आयुष्य लक्षात राहील. रस्त्यातच लाकडाचे जाड खांब आणि तुळया मांडलेल्या, आणि सुतार मंडळी त्या पेंढ्याच्या दोरीने बांधत होती. सांगाड्याला खिळा एकही नाही. एक माणूस दोरी सांध्याभोवती घेऊन ओढायचा, दुसरा लाकडी मोगरीने ठोकून ठोकून बसवायचा, मग पुढचा वेढा मागच्याला इतका चिकटून की मधे नख जाणार नाही. असे किती वेढे घातले मोजताच आले नाहीत, शेवटी त्या सांध्यावर दोरीची जाड गादीच तयार झाली आणि मग त्या वेढ्यांवर आडवी दोरी घेऊन मधोमध आवळली तर त्याचा चक्क फुलपाखरासारखा आकार झाला, दोन बाजूंना दोन पंख. बघणारे आम्ही पाच-पन्नास लोक, कोणी बोलत नव्हतं, नुसता मोगरीचा ठक ठक आवाज. शेजारी एक आजोबा उभे होते, ताईने त्यांना विचारलं की खिळे का नाही वापरत, तर ते म्हणाले खिळा मारला तर रथ हलताना लाकूड फुटेल, दोरी थोडी सैल होते, थोडी ताणते, रथाचे हेलकावे ती पोटात घेते. आणि मिरवणूक झाली की सगळं सोडून ठेवायचं असतं, तेही दोरीने सोपं. मग तो सांगाडा आडवा करून त्याला खांब जोडला आणि दोरखंडाने हळूहळू उभा केला, वर टोक आकाशाकडे जायला लागलं तसे लोक टाळ्या वाजवायला लागले आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

12 आणि 13 तारखेला या होकोंची चाचणी असते, म्हणजे बांधलेला रथ थोडा पुढे नेऊन परत आणायचा, आणि त्या दिवशी दोरी कोणीही ओढू शकतं, बायका, मुलं, परदेशी पाहुणे, कोणीही! ही दोरी ओढली की वर्षभर आजारपण येत नाही असं तिथले लोक मानतात. ताई म्हणाली "अगं बघत काय बसलीस, धर ना!" आणि आम्ही घुसलो. दोरी मनगटाएवढी जाड, माझ्या पुढे एक शाळकरी मुलगी, मागे बाळाला पोटाशी बांधलेली आई. समोर रथाच्या तोंडाशी दोन माणसं पंखे घेऊन उभी राहतात, ती एका सुरात आरोळी देतात, पंखे पुढे फेकतात आणि सगळ्यांनी एकदम ओढायचं. पहिल्या क्षणी काहीच होत नाही आणि मग ती माणसापेक्षा उंच चाकं करकरायला लागतात. तो आवाज पोटात जाणवतो. वर बसलेली पोरं बासरी, ढोल आणि छोटी झांजेसारखी घंटा वाजवत असतात, त्या तालाला तिथले लोक "कोन-चिकी-चिन" म्हणतात, आणि रात्री झोपताना पण तोच कानात.

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, सगळ्यात पुढे जाणाऱ्या नागिनाता-होकोवर आजही बायकांना चढू देत नाहीत. काही रथांवर आता चढता येतं, काहींवर मुली वादनातही बसतात. मला हे खटकलं आणि मी ते लपवणार नाही, ज्या रथाची दोरी बायका ओढतात त्यावर त्यांना पाय का ठेवता येऊ नये? जे रथ बदलले त्यांचा सण काही कमी पवित्र झालेला दिसला नाही.

रथांना जे पडदे आणि गालिचे लावतात ते बघायला खरं तर वेगळा दिवस ठेवायला हवा. क्योतोचे व्यापारी श्रीमंत होते, विशेषतः मुरोमाची भागातले किमोनोचे घाऊक व्यापारी, आणि आपल्या गल्लीचा रथ शेजारच्यापेक्षा भारी दिसायला पाहिजे ही चढाओढ. त्यामुळे कान्को-बोकोच्या (बोको म्हणजे होकोच, जोडनावात उच्चार बदलतो) पुढच्या बाजूला 16 व्या शतकातलं युरोपात विणलेलं कापड आहे आणि त्यावर चित्र बायबलमधलं, विहिरीवर पाणी देणारी रिबेका! ज्या काळात जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी होती त्या काळात हे रथावर मिरवत होतं. कोई-यामावर ट्रॉयच्या युद्धातला राजा. आणि त्सुकी-बोकोला 17 व्या शतकातला मुघल काळातला भारतीय गालिचा! आता जुने तुकडे जपून ठेवतात आणि मिरवणुकीला बऱ्याच ठिकाणी हुबेहूब नवे विणलेले लावतात. आपल्याकडचा गालिचा कुठल्या कुठल्या जहाजांतून इथं पोचला असेल याचा विचार करत मी बराच वेळ उभी होते.

मिरवणुकीच्या आधीच्या संध्याकाळी म्हणजे योइयामा. 15 आणि 16 ला संध्याकाळी शिजो रस्त्यावर गाड्या बंद, रथांवर कंदिलांच्या माळा लागतात आणि गर्दी इतकी की गल्ल्या एकतर्फी करतात, पोलिस सांगतील तिकडूनच जायचं. गर्दीचा त्रास असेल तर 14 ला जा, त्या मानाने बरं. शिनमाची आणि मुरोमाचीतली काही जुनी घरं रस्त्याकडची खोली उघडून घरातले पिढीजात चित्रांचे पडदे मांडून ठेवतात, आत न जाता बाहेरूनच बघायचं. प्रत्येक रथापाशी युकाता (उन्हाळी सुती किमोनो) घातलेली लहान मुलं सुरात गाणं म्हणत चिमाकी विकतात. चिमाकी म्हणजे बांबूच्या जातीच्या गवताच्या पानांची निमुळती जुडी, खायची नाही, दारावर वर्षभर टांगायची. गोष्ट अशी की देव प्रवासी बनून आला, श्रीमंताने हाकललं आणि सोमिन शोराई नावाच्या गरिबाने घरात घेतलं, जेवू घातलं. देव म्हणाला, तुझ्या वंशाला साथ शिवणार नाही. म्हणून चिमाकीवर लिहिलेलं असतं की आम्ही सोमिन शोराईचे वंशज आहोत. आणि हो, या देवळाची मंडळी जुलैत काकडी खात नाहीत, कारण काकडीची चकती देवळाच्या चिन्हासारखी दिसते!

17 ची मिरवणूक सकाळी नऊला शिजो-कारासुमावरून निघते. नागिनाता-होको कायम पहिला, त्याला चिठ्ठी काढावी लागत नाही, बाकीच्या बहुतेकांचे नंबर चिठ्ठ्या टाकून ठरतात. नागिनाता-होकोवर खरा मुलगा बसतो, देवाचा दूत मानलेला, त्याचे पाय जमिनीला लागू देत नाहीत, माणूस खांद्यावरून रथात नेतो, आणि तो तलवारीने रस्त्यावर बांधलेली पवित्र दोरी कापतो तेव्हा वाट मोकळी होते. आम्ही कावारामाचीच्या चौकात उभ्या होतो कारण तिथं रथ वळतात. या चाकांना वळायची सोयच नाही, ती फक्त सरळ जातात. मग चाकाखाली हिरव्या बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या अंथरतात, वर पाणी ओततात आणि बाजूने दोऱ्या ओढून अख्खा 12 टनांचा रथ घसरवतात. एका ओढीत थोडासा वळतो, परत पट्ट्या, परत पाणी, परत ओढ, आणि पूर्ण वळला की चौकभर टाळ्या! वर खांब इतका डुलतो की काळजात धस्स होतं.

दुपारी बहुतेक पर्यटक हॉटेलवर जातात, आणि इथंच चुकतात. सकाळची मिरवणूक ही रस्ते शुद्ध करायला असते, देव तर संध्याकाळी निघतात. यासाका देवळाच्या पायऱ्यांखाली तीन मिकोशी, म्हणजे सोनेरी पालख्या, येतात, पांढऱ्या कपड्यातली शेकडो माणसं "होइत्तो! होइत्तो!" ओरडत त्या डोक्यावर उचलून हलवतात, घामाने भिजलेली, आवाज बसलेले. सकाळी शिस्त बघितली आणि इथं अंगात आल्यासारखा जोर! पालख्या शिजो रस्त्यावरच्या मुक्कामाच्या जागी जातात आणि 24 पर्यंत देव तिथं राहतात.

आणि रथ? ते परत आपल्या गल्लीत पोचले की लगेच, त्याच दिवशी सोडायला घेतात. गावभरची रोगराई त्यांनी गोळा केलेली असते, ती ठेवायची नाही. सकाळी ज्या दोरीच्या फुलपाखराचा फोटो काढला ती दुपारी कापून ढीग पडलेला. विसर्जन बघत मोठी झालेली मी, मला त्याचं वाईट नाही वाटलं, बरोबर वाटलं.

24 च्या मिरवणुकीबद्दल कमी लोकांना माहीत आहे. 1966 ला ती 17 मधेच मिसळून टाकली होती, 2014 ला परत वेगळी केली. त्याच वर्षी ओफुने-होको, म्हणजे जहाजाच्या आकाराचा रथ, 150 वर्षांनी परत आला, 1864 च्या लढाईतल्या आगीत तो जळाला होता. ताका-यामा तर 1826 ला वादळात मोडला आणि 2022 ला परत निघाला, 196 वर्षांनी! मधल्या काळात गल्लीवाले काय करत होते? उरलेल्या मूर्ती मांडत होते. अशा रथांना तिथले लोक "बंद पडलेला" म्हणत नाहीत, "विश्रांती घेणारा" म्हणतात. होतेई-यामा अजून विश्रांतीतच आहे. 1533 ला शोगुनाने (जपानच्या लष्करी शासकाने) देवळातला विधी थांबवला होता तेव्हा गल्ल्यांनी अर्ज केला की विधी नसला तरी चालेल पण आमचे यामा-होको आम्हाला फिरवायचेत. पंधराव्या शतकातल्या ओनिन यादवी युद्धानंतर तर 1500 पर्यंत हे सगळं थांबलेलंच होतं आणि तरी ते परत उठले. कोरोनात 2020 आणि 2021 ला मिरवणूक निघाली नाही, त्या दोन्ही वर्षी पंढरीच्या पादुका एसटीने गेल्या होत्या ते आठवलं आणि दोन्हीकडची तगमग एकच वाटली.

जायचं ठरवलं तर 17 च्या आसपास क्योतोतली हॉटेलं महिने आधी भरतात, म्हणून ओसाकात राहा, ट्रेन आहेत. गर्दी नको असेल तर 21 ते 23 च्या संध्याकाळी जा, त्या वेळी रस्त्यावर खाऊचे स्टॉल नसतात, कंदील असतात आणि वादन नीट ऐकू येतं. आणि चिमाकी घ्यायची असेल तर सकाळीच घ्या, लोकप्रिय रथांची लवकर संपते.