काळ्या सोंगट्या गेल्या कुठे? रंग आणि आयत लिहितानाचा माझा अनुभव

स्वतःचं छोटं टूडी गेम इंजिन सी++ मध्ये लिहायचं ठरवलं, तेव्हा रंग आणि आयत हे दोन टाइप (माहिती ठेवायचे साचे) म्हणजे एका संध्याकाळचं काम, असं मी धरलं होतं. आयताला एक्स, वाय, रुंदी, उंची. रंगाला लाल, हिरवा, निळा, अल्फा (किती अपारदर्शक ते). ज्याची धास्ती होती ते सगळं, म्हणजे विंडो उघडणं, ओपनजीएल (पडद्यावर चित्र काढणारी ग्राफिक्स प्रणाली) सुरू करणं, चित्र लोड करणं, एका शनिवार-रविवारात उरकलं. या दोन टाइपांनी मात्र माझ्या अकरा संध्याकाळी खाल्ल्या. अजून आठवलं की चिडचिड होते.

पहिला खेळ कॅरमचा. बोर्डाचं चित्र पीएनजी फाइलमधून, आणि सोंगट्या म्हणून तूर्त ३२ बाय ३२ पिक्सेलचे साधे चौकोन. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या, एक राणी. प्रोग्राम चालवला. पांढऱ्या नऊच्या नऊ दिसल्या, मधोमध राणी लाल दिसली, काळी मात्र एकही नाही.

रंगावर माझा संशयच गेला नाही. पांढरा पांढरा दिसतोय, लाल लाल दिसतोय, मग रंगाचा कोड चुकेल कसा? चूक आयतातच असणार, असं मनाशी पक्कं केलं आणि तिथेच खोदत बसले.

खोदल्यावर तिथेही एक चूक निघाली, म्हणून तर दिवस वाढले. उजवी कड मी एका ठिकाणी एक्स अधिक रुंदी अशी धरली होती आणि दुसऱ्या ठिकाणी त्यातून एक वजा केला होता. आता नियम एकच ठेवलाय: डावी आणि वरची कड आत, उजवी आणि खालची बाहेर. एक्स १०० आणि रुंदी ३२ असेल, तर पिक्सेल १०० ते १३१ आपले, १३२ शेजाऱ्याचा. विंडोजचा रेक्ट हा आयताचा टाइप हेच पाळतो, एसडीएल या खेळांसाठीच्या लायब्ररीची ‘बिंदू आयतात आहे का’ ही तपासणीही हेच पाळते. शेजारी शेजारी चिकटलेल्या दोन सोंगट्या मग एकमेकींवर आल्या असं इंजिनाला वाटत नाही, आणि रुंदी काढताना एक मिळवायचा की वजा करायचा हा घोळ राहत नाही. ही दुरुस्ती केली आणि मोठ्या आशेने प्रोग्राम चालवला. काळ्या सोंगट्या नाहीतच.

मग कातरणीचा आयत, म्हणजे सिझर, तपासला; त्याच्या बाहेरचं काही काढलं जात नाही. ओपनजीएल सिझरचा वाय खालून मोजतं आणि माझं इंजिन वरून, त्यामुळे वाय उलटवताना आयताची उंचीही वजा करावी लागते. ते मी बरोबर केलं होतं. सोंगट्या काढायचा क्रम बदलून पाहिला. काही फरक नाही.

सातव्या दिवशी त्याच ओळीत काळ्याच्या जागी पांढरा लिहिला आणि नऊ चौकोन लख्ख उभे राहिले. म्हणजे आयत निर्दोष. हा प्रयोग पहिल्याच संध्याकाळी करायला हवा होता. तुमचा आकार दिसत नसेल, तर आधी रंग बदलून बघा.

पण काळ्यात चुकण्यासारखं आहे तरी काय? सगळी शून्यं! पारदर्शकतेत गडबड असेल म्हणून शेवटी ब्लेंडिंग, म्हणजे अल्फाप्रमाणे रंग मागच्या चित्रात मिसळणं, बंद केलं. काळ्या सोंगट्या दिसल्या, त्याही लालभडक. बाजूला बसलेली भाची म्हणाली, “मावशी, एवढ्या राण्या कशा?” दहा होत्या.

डिबगरमध्ये, म्हणजे चालत्या प्रोग्रामच्या आत डोकावायच्या साधनात, मेमरी उघडली. अपारदर्शक काळ्याचा आकडा मी ०० ०० ०० एफएफ (हेक्समध्ये एफएफ म्हणजे २५५) असा बांधला होता: लाल सर्वांत वरच्या बाइटमध्ये, अल्फा सर्वांत खालच्या. मेमरीत होतं एफएफ ०० ०० ००. माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर लिटल-एंडियन आहे, तो खालचा बाइट आधी ठेवतो. ओपनजीएलला मी सांगितलं होतं की प्रत्येक व्हर्टेक्सचे (आकाराच्या कोपऱ्याचे) चार बाइट क्रमाने लाल, हिरवा, निळा, अल्फा म्हणून वाच. त्याने तसेच वाचले: लाल २५५, अल्फा शून्य. पूर्ण पारदर्शक लाल, म्हणजे ब्लेंडिंग चालू असताना काहीच नाही.

आणि पांढरा? एफएफ एफएफ एफएफ एफएफ, उलटा वाचला तरी तोच. लाल? एफएफ ०० ०० एफएफ, तोही तोच. ‘चिमा काय कामाची’ कुठूनही वाचा, तसे हे दोन रंग. मी नेमके तेच पाहून कोडावर विश्वास टाकला होता.

माझा खरा राग आहे तो ‘आरजीबीए’ (रेड, ग्रीन, ब्लू, अल्फा) या चार अक्षरांवर. एसडीएलमध्ये आरजीबीए८८८८ हे नाव आकड्यातला वरून खाली क्रम सांगतं. ओपनजीएलला आरजीबीए आणि बाइट म्हटलं की तो मेमरीतला क्रम. लिटल-एंडियन मशीनवर हे दोन एकमेकांच्या बरोबर उलट. एसडीएलने पुढे आरजीबीए३२ असं वेगळं नाव दिलं, ते मेमरीतला क्रम सांगतं. विंडोजच्या कलररेफ या रंगाच्या टाइपमध्ये तर लालच सर्वांत खालच्या बाइटमध्ये असतो. नाव एक आणि अर्थ दोन, तेही कुठे ठळक न सांगता, हे मला आजही पटत नाही.

आता माझा रंग म्हणजे स्ट्रक्टमध्ये ओळीने चार बाइट, बस. आकार चारच बाइट आहे ना, हे कम्पाइल होतानाच तपासलं जातं. हेक्स आकड्यातून रंग करायचं काम एकाच फंक्शनकडे. युनियन वापरून आकडा आणि बाइट एकाच जागी ठेवायचा मोह मलाही झाला होता. तो टाळा. सी++ मध्ये एक सदस्य लिहून दुसरा वाचणं नियमात बसत नाही, आणि बाइटांच्या क्रमाचं दुखणं तसंच राहतं.

चाचणीसाठी रंग घ्या तो १०, २०, ३०, ४० असा, चारही बाइट वेगळे. तो मेमरीत बघा, पडद्यावर नाही.

रंगांची बेरीज करताना २५५ वर थांबवा, नाहीतर २०० अधिक १०० चे बाइटमध्ये ४४ होतात. गुणाकारानंतर २५५ ने भागा. त्याऐवजी आठ बिट सरकवले, म्हणजे २५६ ने भागलं, तर पांढरा गुणिले पांढरा २५४ येतो, आणि ते डोळ्यांना कळतही नाही. अरे हो, आयताचं एक राहिलंच: माउसने उजवीकडून डावीकडे ओढून आयत काढला की रुंदी ऋण येते. ती तिथल्या तिथे सरळ करून घ्या, पुढच्या फंक्शनांवर सोडू नका.

त्या रात्री साडेअकराला बोर्डावर नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एकच राणी दिसली. भाची तोवर झोपली होती. सकाळी शाळेत जायच्या आधी तिने एकेक मोजून घेतली.