साठ एफपीएस दिसतात, तरी गेम झटके का देतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. 'कोपऱ्यातला ६० चा आकडा हलत नाही, तरी गेम मध्येच अडखळतो. नवं ग्राफिक्स कार्ड घेऊ का?' खरेदीचं नंतर बघू. आधी तो आकडा काय सांगतो आणि काय लपवतो, ते पाहा.

एफपीएस, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या फ्रेम (चित्रं), ही सरासरी असते. समजा, एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत आल्या. म्हणजे ८८५ मिलिसेकंद गेले. साठाव्या फ्रेमने उरलेले ११५ मिलिसेकंद खाल्ले, तरी आकडा ६० च. डोळ्याला मात्र नेमकी तीच फ्रेम खुपते. म्हणून मोजायचा तो फ्रेमटाइम, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ. त्याची नोंद करायला लिनक्सवर मँगोहड, विंडोजवर प्रेझेंटमॉन किंवा कॅपफ्रेमएक्स हे प्रोग्राम वापरा. मँगोहडच्या कॉन्फिगमध्ये आउटपुट फोल्डर द्या, मग डावी शिफ्ट आणि एफ२ दाबलं की लॉगिंग सुरू होतं. गेममधल्या एकाच रस्त्यावरून लागोपाठ दोनदा जा आणि दोन्ही लॉग शेजारी ठेवा.

पहिल्या फेरीत झटके आहेत आणि दुसऱ्या फेरीत गायब, तर संशय शेडर कंपाइलवर घ्या. शेडर म्हणजे दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्राम, आणि ते कार्डाच्या भाषेत बदलणं म्हणजे कंपाइल. डायरेक्टएक्स १२ आणि वल्कन या ग्राफिक्स प्रणालींमध्ये पाइपलाइन (शेडर आणि त्यांच्या सेटिंगचा संच) कधी तयार करायची हे गेमने ठरवायचं असतं. ती आधी करून ठेवली नसेल, तर स्फोट पहिल्यांदा पडद्यावर येतो त्याच क्षणी ड्रायव्हर कंपाइल करायला बसतो आणि फ्रेम ताटकळते. हे काम सीपीयूचं, त्यामुळे महागडं कार्ड लावूनही ते फारसं सुटत नाही. ड्रायव्हर अपडेट केला की जुना कॅश (कंपाइल करून साठवलेले शेडर) बहुधा बाद होतो. 'अपडेटनंतर गेम बिघडला' या तक्रारीमागे अनेकदा एवढंच असतं. सुरुवातीला 'शेडर तयार होत आहेत' असा पट्टा दिसला तर तो पूर्ण होऊ द्या. घाई करून तो टाळणं म्हणजे तेच काम ऐन लढाईत करून घेणं.

दोन्ही फेऱ्यांत त्याच वळणावर झटका असेल, तर व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी, किती भरलीय ते बघा. ती काठोकाठ भरली की टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) मुख्य रॅममध्ये जातात आणि कार्डाला जोडणाऱ्या पीसीआयई मार्गावरून ये-जा करतात. अशा वेळी लोक सगळ्या सेटिंग खाली आणतात. गरज नाही, टेक्स्चर एक पायरी उतरवून बघा. व्हीरॅममध्ये जागा असेल तर रिझोल्यूशन कमी करून बघा. फ्रेमटाइम जागचा हलला नाही, तर अडलंय सीपीयूपाशी.

व्ही-सिंकची, म्हणजे फ्रेम पडद्याच्या रिफ्रेशच्या ठेक्यावरच दाखवण्याची, गोष्ट वेगळी. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० रिफ्रेशच्या, पडद्यावर फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १७ लागले की साध्या डबल बफरिंगमध्ये (दोनच फ्रेमची जागा असते तेव्हा) ती पुढच्या रिफ्रेशपर्यंत थांबते आणि थेट ३३.३ वर दिसते. ५० ते ६० मध्ये हेलकावणाऱ्या गेमपेक्षा ठाम मर्यादा घातलेला गेम मला केव्हाही बरा वाटतो. पडदा १२० हर्ट्झचा असेल तर ४० ची मर्यादा घाला. दर फ्रेमला २५ मिलिसेकंद, म्हणजे बरोबर तीन रिफ्रेश. आणि मिलिसेकंदांच्या हिशेबात ४० हा ३० आणि ६० च्या अगदी मधोमध बसतो. ६० हर्ट्झवर मात्र हाच ४० करू नका: दीड रिफ्रेश असं काही नसतं, त्यामुळे एक फ्रेम १६.७ आणि पुढची ३३.३ दिसत राहते.