खवट कुपी

मावशीचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात प्रयोगशाळेतल्या हूडमध्ये, म्हणजे पेशी हाताळायच्या निर्जंतुक कपाटात होते. संध्याकाळी उलटा फोन केला तर तिचा प्रश्न तयारच होता: "तू फुफ्फुसाच्या पेशींवर माशाच्या तेलाचंच काहीतरी करतेस ना गं? मग यांना त्या कॅप्सूल सुरू करू का?"

काकांना हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर आहे, एबीव्हीडी ही चार औषधांची केमोथेरपी चालू आहे. त्यातला 'बी' म्हणजे ब्लिओमायसिन. मी पेशी वाढवते त्या प्लेटमध्येही तेच. हामाओ उमेझावांनी जपानमध्ये स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून काढलेलं हे औषध लोह आणि ऑक्सिजनला हाताशी धरून डीएनए तोडतं. शरीरात बहुतेक ठिकाणी त्याला निकामी करणारं एन्झाइम असतं. फुफ्फुसात आणि त्वचेत ते फार कमी. म्हणून मार तिथे बसतो.

मी वापरते त्या ए५४९ पेशी १९७२ मध्ये एका ५८ वर्षांच्या माणसाच्या फुफ्फुसातल्या गाठीपासून वाढवलेल्या, म्हणजे मुळात कॅन्सरच्याच. औषधाने त्या जखमी झाल्या की एरवी पेशीद्रवात बांधून ठेवलेला एनएफ-कप्पा-बी, म्हणजे दाहाची जनुकं चालू करणारं प्रथिन, सुटतो, केंद्रकात शिरतो आणि आयएल-६, आयएल-८ हे दाहाचे निरोप सुरू करतो. आयएल-८ न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींना हाक मारतं. पेशीच्या आवरणात ॲराकिडोनिक आम्ल हे ओमेगा-६ मेदाम्ल भरपूर असेल तर त्यातून दाह वाढवणारं प्रोस्टाग्लँडिन ई२ बनतं; त्या जागी माशाच्या तेलातलं ओमेगा-३ मेदाम्ल ईपीए बसलं तर तयार होणारा माल बराच सौम्य. म्हणून ईपीए किंवा त्याचं भावंड डीएचए दिलं की दाह उतरावा, असा माझा सरळ हिशेब.

गेल्या वर्षी हिशेब उलटा आला. डीएचए दिलेल्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) आयएल-८ नुसत्या औषधापेक्षा जास्त! एलायझा या आयएल-८ मोजायच्या, अँटिबॉडीवर चालणाऱ्या चाचणीत शेवटी थांबवायचं आम्ल टाकलं की निळ्याचा पिवळा होतो. तो पिवळा इतका गडद की मला वाटलं पिपेट चुकलं. तीन आठवडे अँटिबॉडीला शिव्या घातल्या. मग एक दिवस डीएचएची कुपी उघडली आणि वास आला. शिळ्या बांगड्याचा. नायट्रोजन न भरता मीच ती परत फ्रीजरमध्ये ठेवली होती. डीएचएला सहा दुहेरी बंध, हवा लागली की खवट व्हायला तेवढं पुरतं. त्यात ब्लिओमायसिन स्वतःच मुक्त मूलकं, म्हणजे पेशींना इजा करणारे चंचल रेणू, तयार करणारं.

नवी कुपी आणली, डीएचए ज्या अल्ब्युमिन प्रथिनाला जोडून देते, नुसत्या त्याचा कंट्रोल तुलनेसाठी शेजारी लावला, मग आयएल-८ उतरलं. डोस वाढवला तसं आणखी उतरलं. मी खूश. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पेशी सुटून तरंगत होत्या. मेलेली पेशी आयएल-८ सोडत नाही, एवढाच तो दाहशमनाचा चमत्कार! तेव्हापासून जिवंत पेशी मोजल्याशिवाय मी आकडा वाचत नाही.

मावशीला यातलं किती सांगणार? २०११ मधली चाचणी मात्र सांगितली: फुफ्फुसाला तीव्र इजा झालेल्या २७२ रुग्णांवरची, ओमेगा-३ आणि सोबत इतर पूरकं देऊन केलेली. फायदा दिसेना म्हणून ती मध्येच थांबवली. काकांचा आजार वेगळा, पण कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, म्हटलं.

"मग जवसाची चटणी?"

"चटणी खाऊ दे. त्यातल्या ओमेगा-३ चं डीएचए शरीर फारच थोडं करतं. बरं, काकांना कोरडा खोकला वगैरे नाही ना?"

ती जरा थांबली. "रात्री येतो गं थोडा. आठवडा झाला."

मी तिला फोन ठेवायला लावला आणि त्यांच्या डॉक्टरांचा नंबर लावायला सांगितलं, लगेच.