‘सोडा की हवेत’ म्हणता, म्हणून

बिलात गॅस काढून घेण्याचे तीनशे रुपये लावतो, त्यावरून सुरू होतं. एसीचा कॉम्प्रेसर बंद पडलेला असतो, त्यामुळे त्याच्याच जोरावर गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून अडकवता येत नाही. मग मी रिकव्हरी मशीन लावतो आणि उरलेला गॅस सिलिंडरमध्ये ओढून घेतो. अर्धा-पाऊण तास जातो. मशीन घरघरत असतं, मालक दारात उभे असतात, आणि प्रश्न येतो. सांगली, मिरज, कुपवाड, कुठंही जा, शब्दसुद्धा तेच. "सोडा की हवेत, मिस्त्री. बाकीचे दोन मिनिटांत मोकळे होतात. तुम्हीच कशाला एवढं करत बसता?"

बरीच वर्षं मी हसून वेळ मारून नेली. "सरकारी नियम आहे" असंही सांगून बघितलं. ते कुणाला पटत नाही, आणि बोलताना मलाही पटत नाही. गेल्या महिन्यात एका निवृत्त सरांनी तर चष्मा वर करून विचारलं, "ओझोनला भोक पडलं म्हणून ऊन वाढलं, ते भोक आता बुजत आलंय म्हणे. मग हा सोहळा कशासाठी?" पेपर वाचणारी माणसं जास्त अवघड. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मी संत नाही, हे आधी घ्या. आयटीआयला गेलो ते १९८७ साल. त्याच वर्षी सप्टेंबरात तिकडं मॉन्ट्रियलला हे गॅस कमी करायचा करार झाला आणि इकडं आम्ही कंडेन्सरवरची धूळ उडवायला तोच गॅस वापरत होतो. नळी साफ करायचीय, मार बारा नंबर. लाइनमधली हवा काढायचीय, सोड बारा नंबर. मे महिन्यात कोल्ड्रिंकची बाटली गार करायचीय, धर सिलिंडर उलटा. बारा नंबर म्हणजे आर-१२, फ्रीजचा गॅस. बावीस नंबर एसीचा. वास जवळजवळ नाही, पेट घेत नाही, विषारी नाही. ज्या मिजलीनं हा गॅस शोधला त्यानं १९३० साली चारचौघांत तो छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. त्याआधी फ्रीजमध्ये अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइड असायचा, गळती झाली की घरातली माणसं दगावायची. तेव्हा गॅसला शिव्या देणाऱ्यांनी तेवढं लक्षात ठेवावं. आमच्या धंद्यात हा गॅस म्हणजे गरीब गाय होती.

आणि आम्हाला सांगणार कोण? मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच मांडलं होतं की हे गॅस वर जाऊन फुटतात आणि त्यातला क्लोरीन ओझोन खातो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या हॅली बे तळावरच्या ब्रिटिशांनी मोजून दाखवलं की तिथल्या वसंतात ओझोन खरंच ढासळतोय. हे सगळं सांगलीच्या एका गाळ्यापर्यंत यायला पुढं वीसेक वर्षं लागली. हा माझा बचाव आहे. २००९च्या मे महिन्यापर्यंत तो चालतो. त्यापुढं चालत नाही.

त्या मे महिन्यात कुपवाडला एक आइस्क्रीमवाला धंदा बंद करत होता. चौदा डीप फ्रीजर होते, सगळे जुने, सगळे बारा नंबरचे. भंगारवाल्याला पत्रा हवा होता, मला कॉम्प्रेसर आणि तांब्याची नळी. तसा सौदा ठरला. दुपारी दोनचं ऊन, शेडच्या मागं उघडं पटांगण, चौदा पेट्या एका रांगेत पालथ्या घातलेल्या. माझ्याबरोबर हाताखालचा पोरगा होता, सतरा-अठराचा, हुशार, जरा जास्त बोलणारा. पहिल्या पेटीला हात घालताना तो म्हणाला, "उस्ताद, ह्यातला गॅस काढून घ्यायचा का? बारा नंबर मिळंना झालाय."

खरंच मिळत नव्हता. २००८च्या ऑगस्टपासून भारतात बारा नंबरचं उत्पादन थांबलं होतं, दम्याच्या पंपांपुरता अपवाद सोडला तर. मला ते माहीत होतं. दुकानदारानं तसं सांगूनच दोनदा मला रिकाम्या हाती परत पाठवलं होतं. पण ऊन होतं, भूक होती, आणि टेम्पोवाला तासावर उभा होता. मी म्हणालो, "भंगार आहे ते. काप."

आम्ही कापलं. पक्कड लावली की आधी फस्स करून तेलाचा फवारा, मग एकसुरी शिट्टी, मग नळीच्या तोंडाशी धूर दिसल्यासारखं पांढुरकं काहीतरी. शिट्टी थांबली की कापलेल्या टोकावर साईसारखा बर्फ धरायचा, भर मे महिन्यात. पोरगा तो नखानं खरवडून गालाला लावत होता आणि हसत होता. चौदा पेट्या, तासाभरात. मीही हसत होतो, हेही लिहून ठेवतो.

ऑगस्टमध्ये दोन दिवसांचं मोफत प्रशिक्षण होतं, मेकॅनिक लोकांसाठी. मी गेलो ते बॅग आणि टूलकिट मिळतं म्हणून. मागच्या बाकावर बसून मास्तरांना आडवे प्रश्न विचारणं हा माझा उद्योग. "सर, गॅस हवेपेक्षा जड. बादलीत ओतला तर तळाला बसतो. तो वीस-पंचवीस किलोमीटर वर कसा जाईल?" सगळे हसले. मास्तर शांत. म्हणाले, "धूळ गॅसपेक्षा जड का हलकी? वाळवंटातली धूळ समुद्र ओलांडून जाते ती कशी?" मग समजावून सांगितलं. वारा सगळं ढवळतो. बाकीची घाण पावसात विरघळून खाली येते, हा गॅस कशात विरघळत नाही, कशाशी लागत नाही. ज्या गुणासाठी आपण त्याला गरीब गाय म्हणतो तोच गुण नडतो. खाली काही होत नाही म्हणून शंभरेक वर्षं टिकतो आणि सावकाश वर पोचतो. वर कडक अल्ट्राव्हायोलेट ऊन लागलं की क्लोरीन सुटतो, आणि क्लोरीनचा एक अणू ओझोनचे एक लाखापर्यंत रेणू मोडतो. "मग भोक तिकडं दक्षिण ध्रुवावर का, आमच्या डोक्यावर का नाही?" हाही माझाच प्रश्न. तिकडं हिवाळ्यात वरच्या थरात उणे ऐंशीच्या आसपास थंडी पडते, बर्फाचे ढग धरतात, त्या ढगांवर क्लोरीन तयार होऊन बसतो आणि सप्टेंबरात ऊन आलं की कामाला लागतो. गॅस मात्र सगळीकडचा, कुपवाडचासुद्धा.

एवढ्यानं मी हललो नव्हतो. हललो दुसऱ्या दिवशी, आकड्यानं. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं की ओझोनचं सोडा, हाच गॅस पृथ्वी तापवतोही. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो बारा नंबर म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे १०,९०० किलो. मी पुस्तिकेच्या मागच्या पानावर मांडलं. पेट्यांच्या मागच्या पत्र्यावर लिहिलेलं होतं, ३०० ग्रॅम. चौदा त्रिक बेचाळीस, म्हणजे ४ किलो २०० ग्रॅम. गुणिले १०,९००. सुमारे ४६ टन. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे हे झालं वीस हजार लिटर पेट्रोल. माझी चेतक लिटरला चाळीस द्यायची. आठ लाख किलोमीटर. पृथ्वीचा घेर चाळीस हजार. स्कूटरवर पृथ्वीला वीस फेऱ्या, आणि त्या मी एका तासात, उपाशीपोटी, हसत हसत मारल्या होत्या.

आता खरं सांगतो. पहिली कळ पृथ्वीसाठी आली नाही. पहिली कळ आली ती अशी, की सव्वाचार किलो बारा नंबर! बाजारात सोन्याच्या भावानं जाणारा! जुने फ्रीज वर्षभर त्यावर चालवले असते. पृथ्वी नंतर आली, रात्री, एसटीत. आणि तिच्या मागोमाग पोरग्याचा आवाज. त्यानं विचारलं होतं. माहीत मला होतं, विचारलं त्यानं.

पुढच्या दिवाळीला मी सेकंडहँड रिकव्हरी मशीन घेतलं. बायको म्हणाली, एवढ्या पैशात घराला रंग झाला असता. झाला असता.

तुम्ही म्हणता "बाकीचे सोडतात". त्या बाकीच्यांतला एक तोच पोरगा आहे. आता त्याचं स्वतःचं दुकान आहे, दोन पोरं हाताखाली, माझ्यापेक्षा जास्त गिऱ्हाईक. त्याला एकदा बोललो. तो तोंडावर म्हणाला, "उस्ताद, तुम्हीच शिकवलंत. आता तुमचं वय झालं म्हणून आम्ही तासभर वाया घालवायचा?" त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. तीनशे रुपये कमी घेऊन तो माझं गिऱ्हाईक नेतो, आणि त्यात तो काही लबाडी करत नाही. मी जे केलं तेच तो करतो.

आता सरांच्या भोकाकडे येतो. बुजतंय, खरं आहे. अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६च्या सुमाराला १९८० सालच्या पातळीवर येईल असा अंदाज आहे. मी तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचा असेन. पण सर, भोक पडलं म्हणून ऊन वाढलं, हे जे तुम्ही म्हणता ते तसं नाही. ओझोन पातळ झाला की कातडी करपवणारे किरण जास्त येतात. पृथ्वी तापते ती उष्णता बाहेर जायला अडते म्हणून, कार्बन डायऑक्साइडनं, मिथेननं आणि माझ्या सिलिंडरातल्या मालानं. आजार दोन, सिलिंडर एकच, म्हणून घोटाळा होतो.

त्या घोटाळ्यात मी स्वतः तुम्हाला लोटलंय. बावीस नंबरनंतर ४१०ए आला तेव्हा मीच सांगत फिरायचो, "हा घ्या साहेब, पर्यावरणाचा गॅस, ओझोनला शून्य धक्का." ओझोनला शून्य, बरोबर. तापवण्यात बावीस नंबर कार्बन डायऑक्साइडच्या १,८१० पट, आणि ४१०ए २,०८८ पट. शून्याकडं बोट दाखवून मी वाढीव आकडा विकला, चार-पाच वर्षं, मनापासून. २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीला हे गॅसही कमी करायचं ठरलं आणि २०२१ मध्ये भारतानं ते मान्य केलं. आता ३२ नंबर आलाय, ६७५, थोडा पेट घेणारा. तो चांगला म्हणून सांगताना आता जीभ अडखळते. दहा वर्षांनी याचंही काही निघालं तर?

आणि हो, त्या शेजारच्या काकूंनी मला पकडलं होतं. त्यांचा नवा फ्रीज अंगणात काढून मी गॅस चक्क हवेत सोडत होतो. "काय ओ, तुम्हीच?" तो आयसोब्यूटेन होता, लायटरमधल्या गॅसचा चुलतभाऊ. फ्रीजमध्ये असतोच पन्नास-साठ ग्रॅम, क्लोरीन नाही, तापवणं नगण्य. तो उघड्यावर, विस्तवापासून लांब सोडायचा असतो. हे मी त्यांना दहा मिनिटं समजावलं. त्यांनी मान हलवली, पण गल्लीत आजही सांगतात की मिस्त्रीसुद्धा सोडतो.

बोलायचंच तर तुमच्याकडूनही बोलता येईल. रिमोट सोळावर ठेवून वर दुलई घेता. २०२० पासून नवे एसी चोवीसवर सेट होऊन येतात, ते तुम्ही पहिल्या रात्री खाली आणता. ती वीज बहुतेक कोळशातून येते, आणि एसीच्या आयुष्यात गॅसपेक्षा त्या विजेचाच धूर सहसा जास्त निघतो. पण हे मी कुणाच्या दारात उभा राहून बोलत नाही. उन्हाळा कडक तापला की माझाच फोन थांबत नाही. मुलीचं इंजिनिअरिंग दोन कडक उन्हाळ्यांवर झालंय.

गोळा केलेल्या गॅसचं काय करतो, हे मात्र कुणीच विचारत नाही. दुकानाच्या मागं तीन सिलिंडर उभे आहेत. एकात चांगला बावीस नंबर, तो गाळून पुन्हा वापरतो. दुसऱ्यात जळलेल्या कॉम्प्रेसरांचा, आंबट झालेला. तिसऱ्यात खिचडी, चार गॅस एकत्र झालेले, तो कशाच्याच कामाचा नाही. एका ठिकाणी फोन केला होता. म्हणाले, शंभर किलो जमलं की आणा, वाहतूक तुमची. माझ्याकडं खिचडी अकरा किलो आहे. दर महिन्याला वॉल्व्हवर साबणाचा फेस लावून बघतो, बुडबुडा येतो का. अजून आला नाही. मी नसेन तेव्हा फेस कोण लावणार, माहीत नाही. कदाचित भंगारवाला येईल आणि एखाद्या पोराला म्हणेल, काप.

परवा संध्याकाळी तो आला होता, माझा जुना पोरगा. बावीस नंबर हवा होता, दोन किलो, बाजारात महाग झालाय म्हणाला. मला माहीत आहे तो गळका कॉइल नीट न जोडता वरून गॅस भरतो. माझ्या सिलिंडरातला गॅस पुढच्या मेपर्यंत हवेत असणार.

काटा लावून, मोजून दिला. पैसेही घेतले.